बासुंदी परत उकळली, तरी बाधली कशी?

वर विचारलंय, "उरलेली बासुंदी खळखळून उकळली होती, तरी सगळ्यांना उलट्या का?" अहो, उकळल्यावर स्टॅफिलोकॉकसचे जंतू मरतात, पण त्यांनी आधीच सोडलेलं विष उकळीला दाद देत नाही. वास-चव बदलत नाही, हीच पंचाईत. खाल्ल्यावर अर्ध्या ते आठ तासांत उलट्या सुरू होतात, बहुधा दिवसभरात ओसरतात.

हा जंतू बऱ्याचदा आपल्याच हातातून येतो. कित्येक धडधाकट माणसांच्या नाकात तो मुक्कामालाच असतो, आणि पिकलेल्या जखमेत तर विचारूच नका. गेल्या गणपतीत आमच्या कोथरूडच्या सोसायटीत एक काकू, अंगठ्याला विळी लागलेली, पट्टी ओली झालेली, तशाच खव्याचे मोदक वळत होत्या. म्हटलं, काकू, तुम्ही आरतीचं ताट बघा. रागावल्या. चालायचंच.

दुधाचं काहीही दोन तासांत फ्रिजमध्ये, एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरातच. तेही अख्खं पातेलं नको, पसरट डब्यांतून. पातेल्याचा मध्य निवायला फार वेळ लागतो. आणि अँटिबायोटिक मनानेच घेऊ नका, या विषावर त्यांचा उपयोग नाही. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट द्या. लहान मूल किंवा आजी-आजोबांच्या पोटात तेही टिकत नसेल तर लगेच डॉक्टरकडे.