स्वतःची रेघ कशी सापडते?

प्रश्न:
नमस्कार. मी नागपूरच्या महाल भागात राहतो, नोकरी सांभाळून पेन-शाईत स्केचिंग करून राहिलोय. हात बऱ्यापैकी बसलाय. पण इन्स्टाग्रामवर आठवडाभर ज्याचं काम बघतो, त्याचीच रेघ पुढं माझ्या वहीत उतरते. मग एखादी शैली ठरवून तीच धरायची का?

उत्तर १:
ठरवून धरू नका. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे 1924 साली आपल्या नागपुरातच जन्मले. त्यांची सुरुवातीची कामं बघा: लघुचित्रांच्या वळणाची माणसं, पुढं पॉल क्ले या युरोपीय चित्रकाराचा ठसा. रोलर आणि पॅलेट नाइफनं (रंग पसरायच्या पात्यानं) रंगवायची त्यांची स्वतःची पद्धत त्यानंतर आली. प्रभाव असू द्या, फक्त एकाच चित्रकाराचा नको.

उत्तर २:
मी मुलांना चित्रकला शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. दुसऱ्याचं चित्र बघून काढताना काय ठेवायचं, काय गाळायचं हे त्यानं आधीच ठरवलेलं असतं. तुमच्या वाट्याला फक्त गिरवणं उरतं. समोरचं जग असं काही ठरवून देत नाही.

महालात राहता ना? मग गणपतीआधी चितार ओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत जा. मूर्तिकाराला विचारून कोपऱ्यात बसा आणि नुसते त्याचे हात काढा. ओल्या बोटानं तो सोंडेची कड गुळगुळीत करतो तेव्हा अंगठा आत दुमडतो आणि मनगट उचललेलं राहतं. पुन्हा पुन्हा काढा. कुणी नखं काढेल, कुणी मनगटाचा कोन. तुम्ही दरवेळी आधी काय पकडता ते जुन्या वह्या शेजारी ठेवून तपासा. शैली तिथंच असते, याची मला खात्री आहे.

आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक सोडू नका! काळी-पिवळी मारबत आणि बडगे यांचे मोठे पुतळे, रेटारेटी. तिथं बारीक छटा भरायला वेळच मिळत नाही, त्यामुळं उसनी सफाई आपोआप गळते.

प्रश्नकर्ता:
मॅडम, आभार. नखांचं वाचून वह्या काढल्या. माझ्या माणसांना चेहरे जेमतेम, पण खांदे आणि पाठी मात्र नीट काढलेल्या! मारबतीला पेन कोणतं न्यावं?

उत्तर २:
मग पाठीच काढा, बिनधास्त! एकसारखी रेघ देणारं पेन घरी ठेवा. बोरू (वेताची लेखणी) न्या, टोक तिरकं कापलेला. बुडवल्यावर रेघ आधी जाड, ओली येते, मग कोरडी होत तुटते. कुठं दाबायचं, कुठं सोडायचं हे तुम्हालाच ठरवावं लागतं. शाईची बाटली अर्धीच भरा, गर्दीत सांडते. कागद कार्ट्रिजचा (ड्रॉइंगचा जाड कागद) घ्या, हँडमेड कागदाचे तंतू टोकात अडकतात.