मदत हवी आहे: डेटाबेस देखभालीच्या टूलचं डॉक्युमेंटेशन एआय एजंटसाठी कसं लिहावं?

नमस्कार मंडळी. पोस्टग्रेस डेटाबेसच्या देखभालीसाठी मी एक छोटं कमांड-लाइन टूल लिहिलंय. व्हॅक्यूम (काढून टाकलेल्या ओळींची जागा मोकळी करणं), रीइंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची, म्हणजे इंडेक्स, नव्याने बांधणं), विनाकारण जागा अडवून फुगलेल्या टेबलांचा अहवाल, एवढंच. आता ते माणसांऐवजी एआय एजंट (स्वतःच कमांड चालवणारा एआय प्रोग्राम) चालवणार, आणि माझं रीडमी (टूलसोबतची माहितीची फाइल) तिथे तोकडं पडतंय.

उदाहरण देतो. 'व्हॅक्यूम' आणि 'व्हॅक्यूम फुल' ही नावं सख्ख्या भावांसारखी. पण पहिला चालू असताना टेबलात वाचन-लेखन सुरू राहतं. दुसरा अख्खं टेबल नव्याने लिहितो आणि तोवर साधं सिलेक्टसुद्धा (डेटा वाचायची कमांड) ताटकळतं. माणूस दबकतो, कुणाला तरी विचारतो. एजंटने 'जागा मोकळी करतो' एवढं वाचलं आणि सरळ फुल चालवला! नशीब, टेस्ट सर्व्हर होता.

रीइंडेक्सचंही तेच. पोस्टग्रेसच्या आवृत्ती १२ पासून कॉन्करंटली (टेबल वापरात ठेवूनच इंडेक्स बांधायचा) पर्याय आहे, पण तो मध्येच फसला तर अवैध इंडेक्स मागे उरतो. एजंट पुन्हा तीच कमांड मारतो, कचरा वाढतो.

प्रत्येक कमांडखाली कुठलं लॉक लागतं (म्हणजे तोवर टेबलाचा इतरांचा वापर किती अडतो), पुन्हा चालवली तर चालेल का, फसल्यावर काय तपासायचं, हे लिहायला घेतलंय. पण हे सगळं एकाच फाइलीत ठेवावं की हेल्पच्या आउटपुटमध्ये? आणि 'आधी माणसाला विचार' ही अट नुसती लिहून भागतं, की टूलमध्येच अडसर घालावा? मला टूलमध्येच अडसर घालणं पटतंय. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर नमुना दाखवा, प्लीज.