मदत हवी आहे : पूर्व जर्मनीतल्या लाउझिट्झमधली तळी, तो गोल पूल आणि हातात एकच दिवस

एल्बेकाठी
घाईत लिहितेय. आई-बाबा आलेत. बाबांना व्हॉट्सॲपवर कुणीतरी तो गोल दगडी पूल पाठवलाय, पाण्यातल्या प्रतिबिंबासकट पूर्ण वर्तुळ दिसतं तो. "तुमच्याजवळच आहे म्हणे" हे रोज ऐकतेय. शिवाय मला बाउट्झनच्या वरच्या अंगाला ती हीथ (झुडपी माळरान) आणि तळ्यांची जागा बघायचीय. नकाशा उघडला की नुसते निळे ठिपके दिसतात, शेकड्यांनी. उभं कुठे राहायचं? सगळं एका नजरेत दिसेल असा पॉइंट कुठला? एका दिवसात दोन्ही होईल का? लवकर सांगा, बुकिंग करायचंय.

तिरपागडा
कुठून निघणार? कधी? गाडी आहे का? आई-बाबांचं वय? "तुमच्याजवळच" म्हणजे कुणाच्या जवळ?

सह्यभटक्या
एल्बेकाठी म्हणजे ड्रेस्डेन असणार. हॅम्बुर्गही एल्बेकाठीच आहे म्हणा! ड्रेस्डेन असेल तर सरळ बस्तायच्या खडकांवर जा. एस-१ लोकलने राटेन, होडीने पलीकडे, मग चढ. वरून नदी जवळजवळ दोनशे मीटर खाली दिसते. व्ह्यूपॉइंट म्हणतात तो हा. तळी काय, आपल्याकडे गावोगावी आहेत.

एल्बेकाठी
हो, ड्रेस्डेनच. बस्ताय झालं मागच्या वेळी, आईचे गुडघे तिथेच गेले. आता पायऱ्या नकोत. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, शनिवार किंवा रविवार.

बर्लिनचा_बंड्या
पूल म्हणजे क्रोमलाउचा राकोट्झब्रुक. बेसाल्टचा, एकोणिसाव्या शतकातला. मध्ये काही वर्षं डागडुजीसाठी तळं कोरडं ठेवलं होतं, आता पाणी आहे. पुलावर चढायला बंदी आहे, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. ट्रेनने जायचं तर ड्रेस्डेन ते ग्योर्लिट्झ, तिथून आरबी-६५ गाडीने वाइसवासर. पुढे छोट्या रुळांची वाल्डआइझनबान क्रोमलाउला जाते, पण ऑक्टोबरात तिचा सीझन संपत आलेला असतो, वेळापत्रक बघूनच निघा. जाक्सन तिकिटावर (राज्यभराचा दिवसाचा पास) पाच जण बसतात.

लेन्सवाला
पुलाला पोलरायझर फिल्टर लावू नका, प्रतिबिंबच उडतं. ट्रायपॉड न्या. वारा असेल तर वर्तुळ विसरा. सकाळी लवकर जा, नंतर कडेला सेल्फीवाल्यांची रांग असते. कॅमेरा कुठला आहे तुमचा?

एल्बेकाठी
फोन आहे हो माझ्याकडे. तळ्यांचं कुणी सांगेल का?

स्प्रेच्या_अलीकडे
मी बाउट्झनमध्ये राहून आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, सगळी तळी एका नजरेत दिसतील असा पॉइंट नाही. प्रदेश सपाट आहे, तळी उथळ आहेत आणि मध्ये पाइनचं रान. बायोस्फिअर रिझर्व्ह आहे ते, १९९६पासून युनेस्कोच्या यादीत. ३५० हून जास्त तळी, आणि जवळजवळ सगळी माणसांनी बांधलेली, मध्ययुगापासून कार्प माशांसाठी. त्यामुळे बघायचं ते बांधावरून. बांधावर जुने ओक आहेत, वाट सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. बाउट्झनपासून पंधराएक किलोमीटरवर वार्था नावाचं खेडं आहे. तिथे 'हाउस डेर टाउझंड टाइखं' हे माहिती केंद्र, आत इथल्या माशांच्या टाक्या. तिथून गुटाउच्या तळ्यांकडे चालत जाता येतं. बाजूला ओल्बा तलाव आहे, तो मात्र मत्स्यतळं नाही, जुन्या कोळशाच्या खाणीत पाणी भरून झालेला.

दुसरी गोष्ट, तुम्ही ऑक्टोबरात जाताय, म्हणजे तळी भरलेलीच असतील असं धरून चालू नका. हा मासे काढायचा हंगाम. कार्प तीन उन्हाळे वाढवतात आणि शरदात तळं उतरवतात. तळ्याच्या सगळ्यात खोल जागी एक उभी चौकोनी पेटी असते, तिला मोन्श म्हणतात. तिच्यात आडव्या फळ्या बसवलेल्या. एकेक फळी काढत जायची तसं पाणी उतरतं, दिवसच्या दिवस. शेवटी मासे उरलेल्या खड्ड्यात गोळा होतात, मग जाळं ओढतात आणि टेबलावर हाताने निवड करतात. कमरेपर्यंतचे रबरी बूट घातलेली माणसं, वर घिरट्या घालणारे बगळे आणि कुरव. नुसतं पाणी बघण्यापेक्षा मला तरी हे जास्त आवडलं. 'लाउझिट्झर फिशवोखन' म्हणजे मत्स्य-सप्ताहांच्या कार्यक्रमांत कुठलं तळं कधी उपसणार ते जाहीर करतात.

वाळवंटातला_खडू
पण हीथ? ती जांभळी फुलं? मी फोटो पाहिलेत, गालिचाच.

स्प्रेच्या_अलीकडे
ऑगस्ट-सप्टेंबर. ऑक्टोबरात तपकिरी काड्या. आणि मुस्काउअर हीथचा मोठा भाग लष्करी सरावाचं क्षेत्र आहे. मनाईची पाटी दिसली की आत पाऊल टाकायचं नाही. जुन्या खाणींच्या काठांनाही तेच, जमीन खचते.

सह्यभटक्या
म्हणजे फुलं नाहीत, पाणी नाही, उंची नाही. मी म्हणत होतो ना, बस्ताय.

स्प्रेच्या_अलीकडे
साहेब, त्यांनी 'पायऱ्या नकोत' लिहिलंय. उंचीच हवी असेल तर ती प्रदेशाच्या कडेला आहे. दक्षिणेला लोबाउच्या डोंगरावर १८५४चा ओतीव लोखंडाचा मनोरा आहे, २८ मीटर उंच, सगळी नक्षी लोखंडात. पण तिथेही पायऱ्याच. उत्तरेला वाइसवासरजवळ श्वेअरर बेर्गचा मनोरा, तिथून नोख्टनची उघडी कोळसाखाण दिसते. आईंसाठी सगळ्यात सोपा व्ह्यू म्हणजे बाउट्झनचा फ्रीडन्सब्रुक. पुलाच्या फुटपाथवर उभं राहायचं, खाली स्प्रे नदी, समोर अख्खं जुनं गाव बुरुजांसकट.

भिगवणचा_शेजारी
पक्षी बघायचे तर जानेवारीत भिगवणला या. रोहित, चक्रवाक, पट्टकादंब. होडीवाले नेतात, वर मासळीचं जेवण.

तिरपागडा
धागाकर्ती जर्मनीत आहे.

भिगवणचा_शेजारी
आई-बाबा परत येतीलच की.

पाणमांजर७
पक्षी ऑक्टोबरात तिथेही चांगले असतात. क्रौंच थव्याने थांबतात, उत्तरेकडून रानहंस उतरलेले असतात. पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड तर उपसलेल्या तळ्यावर हमखास, त्याला आयतं ताट मिळतं. दुर्बीण न्या. आणि चिखलात उतरू नका, बाबा उत्साही वाटतात.

वाळवंटातला_खडू
लांडगे आहेत म्हणे तिथे??

पाणमांजर७
आहेत. जर्मनीत लांडगे परतले ते याच भागात, २०००मध्ये लष्करी क्षेत्रात पिल्लं झाली. तुम्हाला दिसणार नाहीत. काळजी करायची ती गोचिडींची. पायमोजे पँटवर ओढा, घरी आल्यावर गुडघ्याच्या मागे, काखेत तपासा. बाउट्झनचा भाग गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या जोखमीत धरतात.

एल्बेकाठी
गोचिडीचं आईला सांगितलं तर ती गाडीतून उतरणारच नाही. 😄 बरं, खायचं काय? बाबा मासे खातात, पण नवरात्र असेल. आई कायमची शाकाहारी.

जवस_आणि_मीठ
हा प्रश्न माझा! उकडलेले बटाटे, क्वार्क आणि वर जवसाचं तेल. लाउझिट्झचं खास जेवण, पूर्ण शाकाहारी. क्वार्क म्हणजे आपल्या चक्क्याचाच भाऊ. तेल ताजं असेल तर वास अगदी जवसाच्या चटणीचा. वरून कांदा टाकतात, तेवढा नवरात्रात नको म्हणून सांगा. बाबा दसऱ्यानंतर गेले असते तर ताजा कार्प मिळाला असता, पण काटे फार.

बर्लिनचा_बंड्या
मूळ प्रश्नाकडे. ट्रेनने दोन्ही एका दिवसात होणार नाही. रविवारी खेड्यांत बस जवळपास नसतेच, आणि वार्थाला रेल्वे नाही. एकच निवडा.

एल्बेकाठी
ट्रेन कशाला? गाडी आहे ना. नवरा चालवतो.

तिरपागडा
पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, ताई.

बर्लिनचा_बंड्या
मी आरबी-६५ चं वेळापत्रक शोधत बसलो होतो. असो.

स्प्रेच्या_अलीकडे
गाडी असेल तर होईल, पण क्रम महत्त्वाचा. आधी क्रोमलाउ गाठा. सकाळी वारा कमी, गर्दी कमी, बाबांचं काम फत्ते. मग खाली येताना बोक्सबेर्गजवळ बेअरवाल्डर झे या तलावाच्या काठी थांबा. हीसुद्धा जुनी खाणच. मोठं पाणी, पलीकडे वीजकेंद्राचे कूलिंग टॉवर. कुणाला कुरूप वाटतं, मला नाही. दुपारी वार्था, बांधावर तासभर. सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो, तेव्हा तिथे असाल तर क्रौंच रात्रीच्या जागेवर परतताना दिसण्याची शक्यता जास्त. बाउट्झन मग सोडा, ते ट्रेनने नंतर कधीही होतं. शनिवार घ्या, रविवार नको; खेड्यात जेवणाचा पर्याय शनिवारी जरा बरा.

सह्यभटक्या
एका दिवसात इतकं ड्रायव्हिंग म्हाताऱ्या माणसांना? मी बेअरवाल्डर झे गाळला असता.

एल्बेकाठी
म्हातारे म्हणू नका, बाबा हा धागा वाचतायत. शनिवार ठरला. क्रोमलाउ, मग सरळ वार्था. तलाव वेळ उरला तर. जेवायला बटाटे-क्वार्क, कांदा वगळून. माहिती केंद्राच्या वेळा उद्या फोन करून विचारते. सगळ्यांचे आभार.

वाळवंटातला_खडू
ऑक्टोबरात विंटर टायर लागतात का हो तिथे?

बर्लिनचा_बंड्या
तारखेची सक्ती नाही, रस्त्याची अवस्था बघून लागतात. लोक ऑक्टोबर ते ईस्टर धरून चालतात.

सह्यभटक्या
मी तर नोव्हेंबरशिवाय बदलत नाही.

पाणमांजर७
टायरचा वेगळा धागा काढा प्लीज.