मित्राचं सैन्य देशातच असताना बाजू बदलली की काय होतं? (फिनलंड, 1944)

शिरपूरकर:
राम राम मंडळी. धुळ्याच्या वाचनगटात दुसऱ्या महायुद्धावर बोलायचंय. 1941 पासून फिन आणि जर्मन खांद्याला खांदा लावून रशियाशी लढले. सप्टेंबर 1944 मध्ये फिनलंडनं शस्त्रसंधी केली, पण जर्मनांशी खरी लढाई ऑक्टोबरात पेटली. मधे काय चाललं होतं? आणि लॅपलंड (फिनलंडचा उत्तर भाग) एवढं का जळालं?

तापीकाठ:
भाऊ, आधी नकाशा उघडा. फिनलंडच्या उत्तरेत जर्मनांची 20 वी पर्वतीय सेना होती, दोन लाखांच्या आसपास माणूस. सेनापती रेंडुलिक. नॉर्वेकडे जायला मोजकेच रस्ते आणि वर साठवलेला माल हलवायचा, म्हणजे त्यांना वेळ हवा होता. फिनांनाही हवा होता, कारण लाखभर नागरिक हलवायचे होते; त्यातले निम्म्याहून जास्त स्वीडनला गेले.

म्हणून दोघांनी गुपचूप ठरवलं: जर्मनांनी वेळापत्रकानं मागं सरायचं, जाताना पूल उडवायचे, फिनांनी अंतर राखून मागून जायचं. कागदावर शत्रू, जमिनीवर गोळी नाही.

हे टिकणारं नव्हतं. 15 सप्टेंबरला जर्मनांनी फिनलंडच्या आखातातलं सुरसारी बेट घ्यायचा प्रयत्न केला, तिथल्या फिन तुकडीनं तो मोडून काढला. विश्वास तिथंच उडाला. 19 तारखेला रशियाशी झालेल्या मॉस्को करारात तर दोन अटी एकमेकींच्या आड येणाऱ्या: उरलेल्या जर्मनांना निःशस्त्र करा, आणि अडीच महिन्यांत स्वतःचं सैन्य शांतताकाळाइतकं कमी करा. वरून करार पाळला जातो का हे बघणाऱ्या रशियन नियंत्रण आयोगाचा तगादा. शेवटी 1 ऑक्टोबरला फिनांनी समुद्रातून टॉर्निओला सैन्य उतरवलं, थेट जर्मनांच्या पिछाडीला.

त्यानंतर जर्मनांनी हात राखला नाही. आधी पूल आणि रेल्वे जात होती, आता घरंही. 16 ऑक्टोबरला फिन लॅपलंडचं मुख्य गाव रोव्हानिएमीत शिरले तेव्हा गाव जवळजवळ संपलेलं होतं. सुरुंग तर युद्धानंतरही माणसं मारत राहिले. शेवटचे जर्मन 27 एप्रिल 1945 ला बाहेर पडले.

रावेरकर:
जोडीला इटली घ्याच. तिथं असा वेळ कुणालाच मिळाला नाही. दोस्त राष्ट्रांशी तह 3 सप्टेंबर 1943 ला झाला, जाहीर झाला 8 ला, आणि छावण्यांना 'जर्मनांशी कसं वागायचं' याचा स्पष्ट हुकूमच नव्हता. जर्मनांची योजना मात्र तयार होती. सहा लाखांवर इटालियन सैनिक पकडले गेले. ग्रीसच्या केफालोनिया बेटावर इटलीची आक्वी डिव्हिजन लढली, तर शरण आल्यावर जर्मनांनी हजारोंना गोळ्या घातल्या. इटलीनं जर्मनीविरुद्ध युद्ध जाहीर केलं 13 ऑक्टोबरला. तोवर हे सगळं उरकलं होतं. माझ्या मते फिनलंडपेक्षा हेच उदाहरण जास्त शिकवतं: हुकूम खालपर्यंत पोचला नाही तर मरतो शिपाई.

सातपुडा:
शिरपूरकर, मग तुमच्याच तालुक्यातलं थाळनेर का सोडता? 6 जानेवारी 1818 च्या मंदसोर तहानं होळकरांनी सातपुड्याखालचा मुलूख इंग्रजांना दिला. सेंधव्याचा किल्ला निमूट ताब्यात आला. पण 27 फेब्रुवारीला इंग्रज सेनापती हिस्लॉप थाळनेरला पोचला तर गडावरून गोळीबार. किल्लेदार स्वतः बाहेर येऊन शरण आला, आत दरवाजाशी मात्र बोलणी फिसकटली आणि दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. मग आतली शिबंदी, बहुतेक अरब, कापली गेली. किल्लेदाराला त्याच संध्याकाळी फाशी. चकमकीच्या वेळी तो इंग्रजांच्याच ताब्यात होता, म्हणून या फाशीवर पुढं ब्रिटिश पार्लमेंटातही आक्षेप निघाले.