होडीच्या रेझिनमध्ये ग्राफीन: पैसे घालावेत का?

खाडीकाठ: रत्नागिरी-हर्णै पट्ट्यात फायबरच्या होड्या बांधणाऱ्यांना रेझिनमध्ये (काचेचे तंतू धरून ठेवणारं, नंतर घट्ट होणारं द्रव्य) मिसळायची ग्राफीनची (कार्बनच्या एका अणूच्या जाडीचा पापुद्रा) पूड खपवायला लोक येतायत. 'पोलादाहून २०० पट मजबूत' एवढ्या जोरावर. माझं मत, या आकड्यावर कोणी एक रुपयाही घालू नये. तो आला कुठून ते बघा. २००८ साली कोलंबिया विद्यापीठात सिलिकॉनवरच्या दीड मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भोकांवर ग्राफीनचा पापुद्रा ताणून बसवला आणि हिऱ्याच्या टोकाने मधोमध दाबला. तो फुटला सुमारे १३० गिगापास्कल (ताण मोजायचं एकक) एवढ्या ताणाला. पण तो तुकडा जवळजवळ निर्दोष होता. पुडीत असतात तुटक्या कडांचे, एकावर एक चिकटलेले कण.

मालवणी_लाट: माका पटाक नाय. १३० गिगापास्कलची होडी मागतंय कोण? ओढ सोसते ती काचेच्या तंतूंची मॅट. दगा देतं ते रेझिन. होडी वाळूवर ओढून ओढून तळाच्या जेलकोटला (रेझिनचा बाहेरचा गुळगुळीत थर) केसासारखे तडे जातात, तिथून पाणी आत मुरतं. इपॉक्सीत (रेझिनचा एक प्रकार) वजनाच्या ०.१ टक्का ग्राफीन नीट पसरलं तर चीर पुढे सरकायला जास्त जोर लागतो, हे प्रयोगांत दिसलंय. चिरेला पापुद्र्यांना वळसे घालावे लागतात.

खाडीकाठ: 'नीट पसरलं तर' यातच सगळं आलं! हे पापुद्रे एकमेकांना ओढून गुठळ्या करतात. शेडमध्ये बादलीत काठीने ढवळून त्या सुटत नाहीत, आणि चीर सुरू होते ती गुठळीपासूनच. शिवाय आपल्याकडे बहुतेक काम पॉलिएस्टर रेझिनचं, इपॉक्सीचे निकाल त्याला जसेच्या तसे कसे लावता?

वर्कशॉपवाला: एक भर घालतो. ग्राफीन स्वतः ठिसूळ आहे. २०१४ मध्ये मुद्दाम चीर पाडलेल्या ग्राफीनवर चाचणी झाली, तेव्हा ते काचेसारखंच झटकन फाटलं. नॅनोट्यूबचीही (कार्बनच्याच अतिसूक्ष्म नळ्या) ताकद अशीच कागदावर राहते: रेझिनने घट्ट धरलं नाही तर नळी नुसती सरकून बाहेर येते, तिची ताकद वापरलीच जात नाही.

मालवणी_लाट: मान्य, पण म्हणून दार लावून घ्यायचं? तयार मिसळलेलं रेझिन घ्या, पूड नको. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, होड्या वरच असतात. साध्या आणि ग्राफीनवाल्या पट्ट्या एकाच दिवशी ओता, खाऱ्या पाण्यात ठेवा, मग वजन करा आणि वाकवून मोडा.

खाडीकाठ: पट्ट्यांना माझी ना नाही. खर्च मात्र विकणाऱ्याने करावा, आणि मोडताना होडीवाले समोर हवेत.