कोरियन वेबटूनमधल्या वाराला वजन नाही. पटतंय का?

वेताळटेकडी

भाच्याच्या आग्रहावरून गेले तीन महिने कोरियन अ‍ॅक्शन वेबटून, म्हणजे फोनवर खाली सरकवत वाचायच्या चित्रकथा, वाचतोय. त्याआधीची पंधरा वर्षं मी जपानी मंगाच, म्हणजे पानांवरच्या चित्रकथा, वाचत आलो. आता एक मत पक्कं झालंय, ते स्पष्ट लिहितो.

चित्रकथेतली मारामारी जमली की नाही, हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो: वार बसल्यावर पुढे काय होतं. ज्याला लागला त्याचं, आणि ज्यानं घातला त्याचंही.

दोन पाय समोर ठेवतो.

पहिला मुसाशीचा. ताकेहिको इनोउए यांनी १९९८ मध्ये 'वॅगाबाँड' ही मंगा सुरू केली, एइजी योशिकावांच्या मियामोतो मुसाशी या तलवारबाजावरच्या कादंबरीवरून. त्यात मुसाशी एकटा योशिओका घराण्याच्या सत्तर तलवारबाजांना सामोरा जातो. ही लढाई संपता संपत नाही. आधी हात आपसूक चालतो, मग श्वास तुटायला लागतो, मग नुसतं उभं राहणं जड होतं. तो जिंकतो, पण पाय कामातून जातो. आणि मग इनोउए त्याला पुढच्या लढाईला नेत नाहीत. मुसाशी एका उपाशी गावात येऊन माती खणायला लागतो. प्रकरणामागून प्रकरण नुसता चिखल, पाणी, भाताची रोपं. सत्तर माणसं मारल्याचा भार कसा दिसतो, ते मला तिथे कळलं.

दुसरा पाय जिनवूचा. 'सोलो लेव्हलिंग' वेबटून म्हणून मार्च २०१८ ते डिसेंबर २०२१ चाललं. सुरुवात जबरदस्त आहे, मान्य. सगळ्यात खालच्या ई श्रेणीतला शिकारी, आई हॉस्पिटलात, पैशांसाठी राक्षसांच्या भुयारात, म्हणजे डंजनमध्ये, उतरणारा. तिथल्या पुतळ्यांनी केलेल्या कत्तलीत त्याचा पाय तुटतो. मी हादरलो. पुढे तो हॉस्पिटलात डोळे उघडतो आणि पाय जागच्या जागी! त्यानंतर तर रोजचा व्यायाम पुरा केला की बक्षीस म्हणून शरीर पूर्ववत. व्हिडिओ गेमसारखी चौकट हवेत उघडते, सूचना येते, माणूस ठणठणीत.

तिथून पुढच्या एकाही वारानं माझ्या पोटात गोळा आला नाही. रंग झगझगीत आहेत, वेग आहे, पण वजन नाही. आणि हे एका वेबटूनपुरतं नाही. कोरियन अ‍ॅक्शनची घडणच तशी झालीय, असं माझं मत आहे.

चिंचबन

अजिबात पटलं नाही. तुम्ही वेबटून मंगासारखं वाचताय.

मी रोज कल्याणहून सकाळची लोकल पकडतो. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात फोन. पान उलटायला हातच मोकळा नसतो. फक्त अंगठा हलतो, आणि वेबटून त्या अंगठ्यासाठीच काढलेलं आहे. तुम्ही म्हणता त्या पुतळ्यांच्या दालनातलाच प्रसंग घ्या. कुणाच्या तरी लक्षात येतं की सिंहासनावरच्या प्रचंड पुतळ्याचे डोळे हलले. मंगात पान उघडलं की नजर आधी मोठ्या चित्रावर जाते, भीती वाटायच्या आत ती दिसून जाते. इथे खाली काय आहे ते तुम्हाला माहीतच नसतं. चित्र संपतं, मग मोकळी जागा, अजून मोकळी जागा. अंगठा आपोआप मंदावतो. पहिल्यांदा वाचताना घाटकोपरच्या गर्दीत मी थांबूनच राहिलो होतो, खाली सरकवायची हिंमत होत नव्हती. तुम्हाला वाराचं वजन हवंय. वेबटूनमध्ये वजन वार बसायच्या आधीच्या त्या रिकाम्या जागेत असतं.

आणि पाय परत आला म्हणून राग का? पाय परत आला नसता तर ती गोष्ट दुसरीच झाली असती.

निळीशाई

मी पोटापाण्यासाठी चित्रं काढते, म्हणून थोडं लांबेल.

चिंचबन, रिकाम्या जागेबद्दल शंभर टक्के सहमत. लांबवर पडणारा माणूस, उंच मनोरा, वरून कोसळणारी वीज, हे उभ्या पट्टीत जसं येतं तसं पानावर येत नाही. पण आडवा वार? फोनची रुंदी तळहाताएवढी. तलवार आडवी फिरवायला जागाच नाही. म्हणून वेबटूनमध्ये वार तिरका होतो, नाहीतर नुसती प्रकाशाची रेघ होऊन जातो. हात, खांदा, कंबर, पाय असं सगळं शरीर त्या वारात कसं गुंतलंय, ते दिसत नाही. वेताळटेकडींना जाणवलेलं हलकेपण माझ्या मते तिथून येतं, जखम भरण्यातून नव्हे.

मंगाचं पान उजवीकडून डावीकडे वाचतात. सराईत चित्रकार ही दिशा लढाईत वापरतो. हल्ला उजवीकडून सुटला की वाचकाची नजर त्याच्याबरोबर धावते. कुणी डावीकडून उलट आला की नजरेला अडथळा होतो आणि तो माणूस भिंतीसारखा वाटतो. पूर्वी इंग्रजी आवृत्त्यांसाठी पानं आरशातल्यासारखी उलटी छापत, तेव्हा सगळे तलवारबाज डावखुरे होत. हिरोआकी सामुरांच्या 'ब्लेड ऑफ द इम्मॉर्टल'चं तसं केलं नाही. नायकाच्या पाठीवर मांजी आहे, म्हणजे बौद्ध परंपरेतलं स्वस्तिक. पान उलटलं की ते नाझींच्या चिन्हासारखं दिसलं असतं. म्हणून चित्रं न उलटवता चौकटी कापून त्यांची जागा बदलली. दारावर स्वस्तिक काढणाऱ्या आपल्यासारख्यांना ही अडचण चटकन कळेल.

आता 'वॅगाबाँड'मधला माझा आवडता भाग. इनोउएंनी सासाकी कोजिरोला, मुसाशीच्या प्रतिस्पर्ध्याला, बहिरा केलाय. एरवी मंगाच्या मारामारीत पानभर आवाज लिहिलेले असतात, अक्षरंच चित्र होतात. पण कोजिरोला खणखणाट नाही, किंकाळी नाही. समोरच्याचा खांदा किती उचलला, टाच कुठे रुतली, यावरून तो लढतो, आणि आपणही तेच बघायला लागतो. यासाठी पान लागतं. दोन्ही शरीरं अख्खी, एकाच वेळी, समोरासमोर दिसावी लागतात.

सुवॉनरिटर्न

नोकरीनिमित्त चार वर्षं दक्षिण कोरियात, सुवॉनला होतो, म्हणून पायाबद्दल बोलतो.

'सोलो लेव्हलिंग'च्या जगात शिकाऱ्याची शक्ती जागी झाली की त्याची श्रेणी ठरते, आणि ती सहसा आयुष्यभर बदलत नाही. ई म्हणजे ई. मेहनत करा, जीव द्या, ई. जिनवू हा एकटाच जो वाढू शकतो. ही कल्पना कुठून आली, हे तिथे राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. नोव्हेंबरमध्ये कॉलेज प्रवेशाची देशव्यापी परीक्षा असते. इंग्रजीचा ऐकण्याचा पेपर चालू असताना त्या वेळेपुरती विमानांची उड्डाणंही थांबवतात. मुलांना एक ते नऊ अशा श्रेण्या मिळतात, आणि तो आकडा पुढे कॉलेज, नोकरी, लग्नाची बोलणी इथपर्यंत पाठ सोडत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा हुशार होता, कष्टाळू होता, पण कुठल्या कॉलेजातून आलाय हे सगळ्यांना पहिल्या दिवशीच माहीत होतं. तो जेवणाच्या सुट्टीत रोज वेबटून वाचायचा.

ज्याला एकदाच संधी मिळते आणि ती हुकली की संपलं, अशा मुलासाठी पाय परत येणं म्हणजे काय असेल? वेताळटेकडी, तुम्हाला जिथे वजन हरवलेलं दिसतं, तिथे त्या वाचकाच्या छातीवरचं ओझं उतरतं.

वेताळटेकडी

सुवॉनरिटर्न, हे मला माहीत नव्हतं. श्रेणी बदलत नाही हा नियम मी वाचून पुढे गेलो होतो, त्यामागचं घर बघितलं नव्हतं. पायाबद्दल मी घाई केली, हे मान्य करतो.

पण मूळ मुद्दा सोडत नाही. जिनवूला रोजचा व्यायाम काय आहे? शंभर जोर, शंभर उठाबशा, पोटाचे शंभर व्यायाम, दहा किलोमीटर धावणं. आता 'वन-पंच मॅन' ही मंगा उघडा. तिच्या नायकाची, सायतामाची तालीम हीच, आकड्यांसकट हीच, आणि कितीतरी आधीची. पण सायतामाला त्यातून काय मिळतं? केस गळतात, आणि एका ठोशात सगळे संपतात म्हणून लढण्यातला आनंदच मरून जातो. सेलच्या तारखा तेवढ्या त्याला चटका लावतात. एकाच व्यायामातून एका लेखकानं विचारलं की अजिंक्य झाल्यावर माणसाचं काय होतं. दुसऱ्यानं ते विचारलं नाही. जिनवू जिंकतो, मग अजून जिंकतो. माझी तक्रार ती आहे.

चिंचबन

मग 'ड्रॅगन बॉल'चं काय करायचं? तोरियामांनी १९८४ मध्ये सुरू केलेली, ४२ खंडांची, सगळ्या जपानी अ‍ॅक्शनची आजी. त्यात सेन्झूचा एक दाणा खाल्ला की मरणाच्या दारातला माणूस उठून उभा. माणूस मेलाच, तर सात गोळे गोळा करून त्याला परत आणायची सोय. पाय परत येणं कोरियाचं, असं कसं म्हणता? जपाननंच ते आधी करून ठेवलंय. तुम्ही त्यांचं सगळ्यात गंभीर काम घेता आणि आमचं सगळ्यात लोकप्रिय. ही तुलना न्यायाची नाही.

निशीकासाई

इथे तोक्योत एक वेगळंच चित्र आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर 'शोनेन जंप' हे मंगाचं साप्ताहिक आठवड्याला ६५ लाखांच्या वर खपायचं. आता माझ्या ट्रेनच्या डब्यात कागदी अंक क्वचित दिसतो. बहुतेक जण फोनवर वाचतात, आणि त्यातलं बरंचसं पिक्कोमावर. ते अ‍ॅप काकाओ या कोरियन कंपनीचं. म्हणजे मंगाच्या घरातच वेबटून राहायला आलंय. 'जंप'च्या प्रकाशकांनीही २०२४ मध्ये उभ्या पट्टीच्या चित्रकथांसाठी वेगळं अ‍ॅप काढलं.

एक गंमत नाही, खंतच म्हणेन. 'सोलो लेव्हलिंग'च्या जपानी आवृत्तीत नायक कोरियन नाही. त्याचं नाव मिझुशिनो शुन आहे. सुवॉनरिटर्न यांनी जे लिहिलं, त्यातलं कितीसं त्या नावाबरोबर इकडे पोचत असेल? मला ही आवृत्ती वाचवली नाही, मी इंग्रजीत वाचली.

निळीशाई

चिंचबन यांचा सेन्झूचा मुद्दा बिनतोड आहे. दुसऱ्या बाजूनं अजून एक देते. वेताळटेकडी, 'द ब्रेकर' वाचलंय? जन गुक-जिन आणि पाक जिन-ह्वान यांचं, २००७ पासूनचं, कोरियन, पण पानांवर काढलेलं, काळं-पांढरं. शाळेत मार खाणारा मुलगा एका गुरूकडून लढायला शिकतो. पहिल्या भागाच्या शेवटी त्याच्या शरीरातलं ऊर्जेचं केंद्रच मोडतं. कुठली चौकट उघडत नाही, बक्षीस येत नाही. पुढचा भाग सुरू होतो तो मोडलेल्या मुलापासून. तुम्हाला हवं ते वजन तिथे आहे, आणि ते कोरियन आहे. म्हणून मी म्हणते, देशावर खापर फोडू नका. फोनवर दर आठवड्याला बक्षीस द्यायची जी सवय लागली, तिच्याबद्दल बोला.

आणि एक गोष्ट इथे कुणी काढली नाही. वजनाची गोष्ट चाललीय तर ते काढणाऱ्याच्या पाठीवरचंही मोजा. 'बर्सर्क' या मंगाचे केंतारो मिउरा मे २०२१ मध्ये गेले, ५४ वर्षांचे होते, कथा अर्धीच होती. 'सोलो लेव्हलिंग'चे चित्रकार जांग सुंग-राक जुलै २०२२ मध्ये गेले. तोगाशींची 'हंटर हंटर' ही मंगा त्यांच्या पाठदुखीमुळे पुनःपुन्हा थांबते. वेबटूनला तर दर आठवड्याला डझनावारी रंगीत चौकटी लागतात. त्या संपूर्ण स्टुडिओ बसून करतो, मागच्या इमारती बऱ्याचदा त्रिमितीय साच्यांतून येतात. मी स्वतः एकदा सलग सहा आठवडे असं काम केलं, तेव्हा मनगट सुजून भाकरी थापता येत नव्हती. "या आठवड्याचा भाग का नाही आला?" असं खाली लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

सुवॉनरिटर्न

निळीशाई ताई, शेवटच्या परिच्छेदासाठी आभार. आठवड्याची वाट मीही बघायचो, असं लिहिणाऱ्यांत मीही होतो. यापुढे नाही.

वेताळटेकडी

'द ब्रेकर' काल रात्री सुरू केलं, दोनपर्यंत वाचत बसलो. धाग्याचं नाव आज लिहिलं असतं तर त्यात 'कोरियन' हा शब्द घातला नसता. 'फोनवरच्या' असं लिहिलं असतं, आणि त्यावरही चिंचबन भांडले असते, ते ठीकच आहे. पुतळ्याच्या डोळ्यांचा प्रसंग परत काढून सावकाश वाचला. ती रिकामी जागा या वेळी दिसली. पहिल्यांदा मी ती सरकन ओलांडून गेलो होतो.

सेन्झूच्या दाण्याला मात्र माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. तो दाणा मोजका असतो, कुणाला द्यायचा हे ठरवावं लागतं, वेळेवर पोचेल की नाही याची धाकधूक असते. पण हे उत्तर मलाच पुरेसं वाटत नाही.

भाच्याला बदल्यात 'वॅगाबाँड' दिली होती. आज दुपारी त्याचा मेसेज आला. तो शेतीच्या भागापर्यंत पोचलाय. "मामा, हा आता परत तलवार कधी उचलणार?" ३७ खंडांवर २०१५ पासून ती थांबलेली आहे, कोजिरोशी अखेरचं द्वंद्व अजून झालेलं नाही, हे त्याला अजून सांगितलं नाही. रविवारी घरी येणार आहे, तेव्हा समोर बसून सांगेन.