बेटांवरील पिकांचे वन्य भाईबंद: बीजपेढी पुरेशी आहे का?

बीजसंग्राहक (धागालेखक):
जी सागरी बेटे मुख्य भूमीला कधीच जोडलेली नव्हती, तेथील वनस्पती दूरवरून आलेल्या मोजक्या बियांपासून वाढलेल्या असतात. त्यामुळे त्यांची जनुकीय विविधता मुख्य भूमीवरील आप्तांपेक्षा बहुधा तोकडी असते. प्रशांत महासागरातील गालापागोस बेटांचे दोन वन्य टोमॅटो, सोलॅनम चीस्मानिए आणि सोलॅनम गालापागेन्स, तर स्वपरागणाने, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळतात, त्यामुळे ती आणखी घटते. माझे स्पष्ट मत आहे की अशा जातींचे बी एकदा नीट गोळा करून बीजपेढीत (बी दीर्घकाळ जपून ठेवणाऱ्या संग्रहात) ठेवावे आणि जागेवरच्या जतनाचा पैसा दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतांतील वन्य टोमॅटोंकडे वळवावा, कारण विविधतेचे खरे भांडार तेथे आहे.

किनारवेल:
विविधता तोकडी आहे हे मान्य, परंतु नवे वाण घडवणाऱ्या पैदासकाराला हवा असतो तो नेमका गुण. टोमॅटोचे अभ्यासक चार्ल्स रिक यांना गालापागोसच्या टोमॅटोत देठावर सांधा नसण्याचा गुण आढळला. असे फळ तोडताना देठ झाडावरच राहतो, त्यामुळे यंत्राने काढणी करताना फळे एकमेकांना टोचत नाहीत, आणि म्हणूनच प्रक्रियेसाठीच्या वाणांत हा गुण आणला गेला. तेथील किनाऱ्यावरचा एक वन्य टोमॅटो समुद्राच्या पाण्याइतक्या क्षारतेतही तग धरतो, हे 1976 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. हवाईच्या वन्य कापसाला पानांवर व फुलाबाहेर मधुग्रंथी (गोड रस स्रवणाऱ्या ग्रंथी) नसतात. तो गुणही लागवडीच्या कापसात उतरवण्यात आला. यांतले काहीही विविधतेच्या सरासरी आकड्यात दिसले नसते.

बीजसंग्राहक:
ही उदाहरणे माझ्याच म्हणण्याला बळ देतात, कारण हे सारे गुण गोळा केलेल्या बियांतूनच शेतापर्यंत पोहोचले. या टोमॅटोंचे बी सहजी उगवत नाही. महाकाय कासवाच्या पोटातून गेल्यावर उगवण सुधारते, असे रिक आणि बोमन यांनी 1961 मध्ये दाखवले. आज प्रयोगशाळेत ब्लीचच्या द्रावणाने तेच काम होते. शिवाय बाहेरून आलेल्या टोमॅटोंशी तेथे संकर होत असल्याने शुद्ध बी पेढीतच सुरक्षित आहे.

ओहोटी:
संकराची भीती खरी आहे, आणि म्हणून पेढी हवीच. परंतु पेढीतले बीही म्हातारे होते. ते ठरावीक काळाने पेरून नवे करावे लागते, आणि दर खेपेस हरितगृहात जी झाडे सहज उगवतात व भरपूर फळतात त्यांचाच वाटा वाढत जातो. खारा वारा, उन्हाने तापलेला लाव्हाचा खडक आणि पावसाविना जाणारी वर्षे बेटांवर जी निवड करतात, ती हरितगृहात थांबलेली असते. अटलांटिक महासागरातील मदैरा द्वीपसमूहातील बीटाचा वन्य आप्त, बीटा पाटुला, लहानशा खडकाळ बेटांवर अगदी थोड्या जागेत उरला आहे. त्या जागा बाहेरच्या तणांपासून आणि चरणाऱ्या जनावरांपासून राखण्याचा खर्च अँडीजच्या विस्ताराच्या मानाने कितीतरी कमी आहे. त्याच जागांवरून दर काही वर्षांनी नव्याने बी घेतले, तर जुन्या आणि नव्या संग्रहांची तुलना करून काय बदलले हे कळेल; जागाच गेली तर ही तुलना करण्याचा दुसरा मार्ग नाही.